मराठीला स्वतःची चमकी का मिळाली नाही?

रानजाई (धागाकर्ती)

‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांना शिकवणारा अमेरिकन बाहुल्यांचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आल्यापासून आमच्या सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर एल्मो आणि कुकी मॉन्स्टरचं कौतुक चाललंय. कौतुकाला हरकत नाही, मीही त्यांची चाहती आहे. पण दर चार मेसेजनंतर कुणीतरी लिहितं, ‘आपल्याकडे असलं काही नव्हतंच.’ तिथे माझं डोकं फिरतं. म्हणून हा धागा.

नव्हतं कसं? १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने ‘एक अनेक और एकता’ काढला. जेमतेम सात मिनिटांचा कार्टूनपट. जाळ्यात सापडलेले पक्षी जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळं कुरतडतात, ही आपली जुनीच गोष्ट. केला विजया मुळे यांनी, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं, संगीत वसंत देसाईंचं आणि गाण्यातला आवाज तेव्हाच्या चिमुरड्या साधना सरगमचा. अख्खा देश जे हिंदीत गुणगुणत मोठा झाला त्यामागे मराठी माणसं किती होती बघा. पुढच्याच वर्षी, १९७५-७६ मध्ये, ‘साइट’ हा उपग्रहाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही पोचला, त्यावर सकाळी शाळकरी मुलांसाठी वेगळे कार्यक्रम असत. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण विजयाताई त्याही कामात होत्या. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही शाळकरी मुलांसाठी टीव्ही कार्यक्रम करणारी संस्था सुरू झाली. आणि २००६ मध्ये सेसमीचंच भारतीय भावंड आलं, ‘गली गली सिम सिम’. दोन वेण्या आणि शाळेचा गणवेश घातलेली चमकी, शाकाहारी सिंह बूम्बा, निळा गुगली. पण हिंदीत.

आता पस्तिशी-चाळिशीतल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, शिकवणाऱ्या मराठी कार्यक्रमातली एक बाहुली सांग. तो ‘अर्धवटराव’ म्हणेल. आणखी ताणलंत तर ‘तात्या विंचू’! दोघेही रामदास पाध्यांच्या घरचे. दोघेही थोर. पण एक मोठ्यांना हसवायला आणि दुसरा लहानांना पांघरुणात घालायला.

माझं म्हणणं असं की आपण पाठ केले, पात्रं केली नाहीत. मुलाला ‘आज परिमिती शिकू या’ याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला काल भेटलेला कुणीतरी आज पुन्हा भेटायला हवा असतो. तुम्हाला काय वाटतं? आणि कुणाला जुनी पात्रं आठवत असतील तर जरूर लिहा.

---

शंकासुर

मूळ प्रश्नच चुकीचा. चमकी नाही मिळाली हे बरंच झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षभराच्या मुलाला पडदा नकोच आणि दोन ते चार वयाला दिवसाला तासभर, तोही जास्तीत जास्त. बाहुली गोड असली म्हणून टीव्ही काही आजी होत नाही.

---

जर्सीकर

शंकासुर, दोन वर्षांखालच्या मुलांबद्दल कुणी भांडत नाही हो. प्रश्न त्या तासाभरात काय दाखवायचं हा आहे.

माझी दोन्ही मुलं इकडे अमेरिकेत वाढली. सेसमी स्ट्रीटचं नाव निघालं की लोक अक्षरं आणि आकडे म्हणतात. मला विचाराल तर त्या कार्यक्रमाचं खरं मोठेपण १९८३ च्या एका भागात आहे. मालिकेत मिस्टर हूपर नावाचे दुकानदार होते. ते काम करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरात वारले. निर्मात्यांपुढे सोपे रस्ते होते. दुसरा नट आणा, किंवा ‘हूपर काका गावी गेले’ म्हणून मोकळे व्हा. आपल्याकडे हेच झालं असतं. त्यांनी वर्षभर विचार केला, मानसशास्त्रज्ञांना विचारलं, आणि पुढच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, भाग दाखवला. दिवस मुद्दाम निवडला, कारण त्या दिवशी आईवडील घरी असतात आणि मुलाने काही विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी शेजारी असेल.

त्या भागात बिग बर्ड, म्हणजे मालिकेतला उंच पक्षी, सगळ्या मोठ्यांची चित्रं काढून आणतो आणि एकेकाला वाटतो. शेवटी एकच चित्र हातात उरतं, हूपरचं. तो म्हणतो, ते आले की देतो. मोठी माणसं त्याला सांगतात, ते वारले, आता ते येणार नाहीत. ‘देवाघरी’ नाही, ‘झोपले’ही नाही, कारण मग मूल झोपायला घाबरतं. आजारपणाचाही उल्लेख नाही, नाहीतर सर्दी झालेल्या आईकडे मूल भेदरून बघत बसेल. बिग बर्ड चिडतो. असं का, म्हणून विचारतो. त्याला मिळणारं उत्तर साधारण ‘असंच असतं’ इतकंच आहे. चार वर्षांच्या प्रेक्षकाशी इतकं सरळ बोललेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. ती चित्रं बिग बर्डच्या आत असलेल्या कॅरोल स्पिनी यांनीच काढलेली होती.

हे पाठातून जमत नाही, इथे रानजाईंशी सहमत. हूपर काका चौदा वर्षं रोज दुकानात दिसत होते म्हणून त्यांचं जाणं मुलांना कळलं.

---

गावाकडची

वाखूसा (वाचनखूण साठवली). हूपर काकांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

पडद्यामागे

स्पिनींचा विषय निघालाच आहे तर थांबवत नाही. मी बाहुल्यांचं काम करतो, जाहिरातींत आणि शाळांच्या कार्यक्रमांत, त्यामुळे हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

बिग बर्ड आठ फूट दोन इंच. आतला माणूस उजवा हात सरळ डोक्यावर धरतो. तो हात म्हणजे पक्ष्याचं डोकं. बोटांनी चोच चालते आणि करंगळी एका खटक्यात अडकवलेली असते, तिने डोळे हलतात. डावा हात डाव्या पंखात. मग उजव्या पंखात कोण? कुणीच नाही. त्यात भराव असतो आणि त्याला मासे धरायच्या गळाची दोरी बांधलेली असते. ती गळ्याखालच्या कडीतून ओवून डाव्या हाताला जोडलेली. डावा हात खाली गेला की उजवा वर जातो. पुन्हा पाहाल तेव्हा त्याचा उजवा पंख बघा, तो स्वतःहून कधीच काही करत नाही.

आतून बाहेरचं दिसत नाही. छातीवर एक छोटा टीव्ही बांधलेला, त्यात कॅमेऱ्याला दिसतं तेच चित्र. संवादांची पानं कापून आतल्या बाजूला चिकटवलेली. हात वर धरून, मान वाकवून, वाचत, चालत, आणि तोंडाने सहा वर्षांच्या मुलाचा आवाज. हे त्या गृहस्थांनी १९६९ पासून केलं. शेवटची काही वर्षं नुसता आवाज दिला आणि २०१८ मध्ये निवृत्त झाले.

आणखी एक. सेसमीच्या बाहुल्या करणाऱ्या जिम हेन्सनने केलेली मोठी गोष्ट म्हणजे बाहुल्यांचा तंबू काढून टाकला. आपल्याकडे बाहुलीचा खेळ म्हटलं की पडदा, चौकट, मागे माणूस. हेन्सन म्हणाला टीव्हीचा पडदा हीच चौकट. बाहुलीवाले जमिनीवर बसतात, चाकांच्या पाटावर सरकतात, आणि समोर ठेवलेल्या पडद्यावर स्वतःची बाहुली बघत काम करतात. तो आरसा नसतो. हात डावीकडे नेला की बाहुली पडद्यावर आपल्या उजवीकडच्या दिशेने गेल्यासारखी वाटते आणि नवशिक्याची त्रेधा उडते. उजव्या हाताची माणसं डोकं उजव्या हाताने चालवतात, म्हणून बाहुलीचा मोकळा हात डावा. बहुतेक मपेट (हेन्सनच्या बाहुल्यांचं हे नाव) डावखुरे का दिसतात त्याचं कारण एवढंच.

रानजाई, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: पात्र म्हणजे कापड आणि फोम नव्हे. पात्र म्हणजे एकच माणूस पाच-दहा वर्षं तोच हात त्याच बाहुलीत घालतो आणि त्याचा महिन्याचा पगार कुणीतरी देतं. आपल्याकडे बाहुलीवाल्याला ‘दोन दिवसांचं शूट आहे, या’ असा फोन येतो.

---

रानजाई

पडद्यामागे, सुरेख. असं लिहीत जा हो. करंगळीचं मला नवीन.

तुमच्या पगाराच्या मुद्द्यात मी आणखी एका माणसाचा पगार घालते, तपासणाऱ्याचा. सेसमीच्या सुरुवातीलाच एड पामर नावाचे संशोधक नेमलेले होते. ते मुलाला टीव्हीसमोर बसवत आणि शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणारी स्लाइड लावत. मुलाची नजर टीव्हीवरून कधी हलली याची नोंद घ्यायची. जिथे हलली तो तुकडा कमकुवत. लेखकाला कितीही आवडो, तो पुन्हा लिहायचा.

१९६९ च्या जुलैत फिलाडेल्फियात त्यांनी तासातासाचे पाच नमुना भाग दाखवून बघितले. तेव्हा रस्त्यावरच्या दृश्यांत फक्त माणसं होती, मपेट वेगळे. तज्ज्ञांनीच सांगितलं होतं की खरं आणि काल्पनिक एकत्र कराल तर मुलं गोंधळतील. निकाल असा आला की बाहुल्या असल्या की मुलं चिकटून बसतात आणि माणसं आली की उठून जातात. मग तज्ज्ञांचं ऐकणं सोडलं आणि रस्त्यावर बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यातला ऑस्कर आणून ठेवले. म्हणजे आज आपल्याला जो कार्यक्रम माहीत आहे तो मुलांच्या उठून जाण्यातून तयार झालाय.

आपल्याकडे मुलं उठून गेली तर ‘एकाग्रता नाही’ म्हणून शेरा मिळतो.

---

कोथरूडकाका

धागा चांगला आहे, पण बालचित्रवाणीला एका वाक्यात उरकलंत त्याचं वाईट वाटलं. सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी. इन्सॅट उपग्रह आल्यावर देशात सहा राज्यांत अशा संस्था काढल्या, आपली त्यांतली एक. शेकडो कार्यक्रम झाले. त्या काळात मराठी मुलांसाठी, मराठीतून, कॅमेरा घेऊन ओढ्याकाठी आणि कुंभाराच्या घरी जाणारं दुसरं कोण होतं? पुढे केंद्राचा निधी आटला, पगार थकले, आणि २०१७ मध्ये कुलूप. आता ते काम ई-बालभारतीकडे.

तुमचा ‘पाठ विरुद्ध पात्र’ हा मुद्दा मला निम्माच पटतो. कार्यक्रम अभ्यासक्रमाला बांधलेले असत हे खरं. पुस्तक बदललं की कार्यक्रम शिळा. पण दुसरी अडचण पोचण्याची होती. प्रक्षेपण शाळेच्या वेळात आणि शाळेचा टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत, वर भरतकामाचं कापड, त्यावर फुलदाणी. मी शिक्षक होतो, मला ठाऊक आहे. एकदा वीज होती, टीव्ही चालू होता आणि किल्ली असलेले शिपाई रजेवर होते! पात्र तयार झालं असतं तरी मुलांपर्यंत आलं कुठून असतं? सेसमी घरात दिसायचा, रोज, त्याच वेळेला.

पात्रं म्हणाल तर एक माणूस विसरलात. अरविंद गुप्ता. दूरदर्शनसाठी त्यांनी सव्वाशे छोट्या फिल्म केल्या. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, बस. नळीचा सेंटिमीटरभर तुकडा, त्याच्या दोन तोंडांत दोन काड्या. तीन जोडून त्रिकोण करा आणि दाबा, हलत नाही. चार जोडून चौकोन करा आणि दाबा, लगेच तिरका होतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी ते बघून दुसऱ्या दिवशी गावातल्या सायकलवाल्याच्या दुकानातली नळी संपवली होती. बाहुली नव्हती तिथे, पण झब्बा घातलेला तो माणूस मुलांना ‘आपला’ वाटायचा.

---

रानजाई

काका, फुलदाणी! अगदी अगदी. आमच्याही शाळेत टीव्हीला साडी नेसवल्यासारखं झाकलेलं असायचं.

आणि अरविंद गुप्तांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की. लोकांना ‘त्रिकोणाची दृढता’ हा भाग आठवत नाही, माणूस आठवतो.

---

तिठ्यावरचो

मी कुडाळचो. बाहुल्यांवर धागो आणि अजून पिंगुळीचा नाव नाय? म्हणून लिवतंय. (आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर घाटावरचे म्हणतील समजत नाही.)

पिंगुळीतल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) ही शेकडो वर्षांची परंपरा. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय, गोव्याला जाताना हायवेवरून आत वळा आणि बघून या. रामायण-महाभारतातली पात्रं, लाकडी डोकी, दोऱ्यांवर नाचणारी. समोर बसलेल्या पोराला नाव घेऊन बोलावणारा गणपतीही असतो.

आपल्याकडे बाहुलीवाले नव्हते असं कुणी म्हणू नये. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओतून कुडाळला कुणी आलं नाही एवढंच. लोककलेवर माहितीपट करायला येतात, फोटो काढतात, जातात. ‘आमच्या कार्यक्रमात रोज काम करा’ म्हणून कुणी आलेलं मी ऐकलेलं नाही.

---

पडद्यामागे

तिठ्यावरचो, सहमत आणि थोडा असहमत. पिंगुळीच्या कलाकारांचं मनगट मी जवळून पाहिलंय, ते आमच्यासारख्यांना दहा जन्मांत यायचं नाही. पण टीव्हीला क्लोज-अप लागतो. कळसूत्री बाहुली सबंध अंगाने बोलते. मान झुकली, हात छातीशी गेला की समोरच्याला कळतं. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की लाकडी तोंड बंदच राहतं आणि आवाज भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. मपेटचं सगळं चेहऱ्यात असतं. फोमचा असल्यामुळे बोटं आवळली की ओठ मुडपतात. बुबुळं किंचित तिरळी बसवतात, म्हणजे बाहुली समोर रोखून बघतेय असं वाटतं. सरळ बसवली की नजर मेलेली.

अर्थात हे तंत्र आहे आणि तंत्र शिकता येतं. ज्याला दोऱ्या कळतात त्याला फोम महिन्याभरात कळेल. उलटं होणार नाही.

---

लेकुरवाळी_जालना

मीना कुणालाच आठवली नाही का?? युनिसेफची मीना. आपले राम मोहन यांनी रेखाटलेली. भाऊ राजू आणि पोपट मिठू. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत व्हिडिओ आणून दाखवली होती, हिंदीतच, पण अडलं नाही.

कोंबड्यांचा भाग माझा पाठ होता. मीनाला शाळेत पाठवत नाहीत, राजूला पाठवतात. ती मिठूला शाळेच्या खिडकीशी पाठवते. तो ऐकून येतो आणि तिच्यापुढे घोकतो, त्यावरून ती मोजायला शिकते. मग कोंबड्या मोजताना एक कमी भरते आणि चोर पकडला जातो. तेव्हा कुठे बापाला पटतं की पोरीला शाळेत घालावं. आमच्या वर्गातल्या मुली हसत होत्या आणि मागे बसलेल्या दोन-तीन बाया, ज्या मुलींना न्यायला आल्या होत्या, त्या हसत नव्हत्या.

तिचा पोशाखही मुद्दाम असा ठेवला होता की भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ, कुठलीही वाटावी. ती कुठल्याच एका गावची नव्हती आणि तरी आमच्या गल्लीतली वाटायची. तेव्हा रानजाई, पात्र मराठीच हवं हा हट्ट कशाला?

---

रानजाई

मीना कशी सुटली माझ्याकडून! धन्यवाद हो.

हट्ट नाही, हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख. साधारण जर्मनीच्या लोकसंख्येएवढे. जर्मनीत त्यांच्या भाषेतला ‘सेसामश्ट्रासे’ १९७३ पासून आहे. बंगालीला २००५ मध्ये ‘सिसिमपुर’ मिळालं. त्यात टुकटुकी आहे, हालुम नावाचा वाघ आहे, आणि तो मासे आवडीने खातो! बंगाली वाघ दुसरं काय खाणार. असे बारकावे डबिंगमध्ये येत नाहीत. आमच्या मराठी वाघाला भाकरी-ठेचा आवडला असता की नाही?

---

जर्सीकर

सिसिमपुरमागे बांगलादेश नावाचा देश होता आणि अमेरिकन सरकारचा मदतनिधी होता. राज्याच्या भाषेला असं कोण देतं? भारताला एक सिम सिम दिली, ती हिंदीत, हिशेब संपला. आणि तीही ज्या वाहिनीवर होती तिथेच २००८ मध्ये छोटा भीम आला. लाडू खाऊन मारामारी. पुढचं सांगायला नको.

---

शंकासुर

भीम आला आणि चमकी मागे पडली हे माझ्याच म्हणण्याला धरून आहे. एकदा पडदा चालू केलात की पुढे काय लागेल ते तुमच्या हातात राहत नाही.

२०११ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ मासिकात एक प्रयोग आला होता. चार वर्षांची ६० मुलं. काहींना ९ मिनिटं स्पंजबॉब हे भराभर दृश्यं बदलणारं कार्टून दाखवलं, काहींना ‘काययू’ नावाचं संथ शैक्षणिक कार्टून, आणि काहींना खडू-कागद दिले. लगेच चाचण्या घेतल्या. थांबून वाट बघणं, सूचना लक्षात ठेवून वागणं वगैरे. स्पंजबॉबवाले सपशेल मागे. नऊ मिनिटांत! आता बोला.

---

जर्सीकर

बोलतो. त्याच प्रयोगात काययू बघणारी मुलं चित्रं काढणाऱ्या मुलांच्या बरोबरीने होती, हे तुम्ही सांगितलं नाहीत. म्हणजे पडदा वाईट असं न निघता तो भिरभिरणारा वेग वाईट असं निघतं. आणि चाचणी लगेच घेतलेली, दुसऱ्या दिवशी काय झालं हे त्यात नाही.

दुसरं. मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक हुशार गोष्ट केली. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत सेसमी स्ट्रीट यूएचएफ या वेगळ्या प्रक्षेपण-पट्ट्यावर लागायचा आणि तिथे अँटेना धड पकडायचा नाही. कुठे दिसतो आणि कुठे मुंग्या, हे नशिबावर. त्यांनी दोन्हीकडची मुलं शाळेत कशी गेली ते जनगणनेच्या आकड्यांतून पाहिलं. जिथे नीट दिसत होता तिथली मुलं वयाला योग्य त्या इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त निघालं. मोठेपणीच्या कमाईवर फारसं काही ठोस निघालं नाही, तेही त्यांनी लिहिलंय. मला हे पुरेसं वाटतं. फुकट, घरबसल्या, गरिबाच्या पोराला मिळणारी गोष्ट.

---

शंकासुर

मुंग्यांचं मान्य. आमच्याकडे गच्चीवर चढून अँटेना फिरवणं हे माझंच खातं होतं. काययूचंही मान्य, वेगाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

---

बालवाडीताई

उशिरा आले, पण सगळा धागा वाचला. मी साताऱ्याजवळ बालवाडी चालवते. पडदा नाही, परवडतही नाही. पण पात्राचं म्हणाल तर रोज बघते.

माझ्याकडे जुन्या लोकरीच्या मोज्याचा एक प्राणी आहे. कोण आहे ते ठरलेलं नाही, कुणी ससा म्हणतं कुणी मांजर. एक मुलगा जूनपासून माझ्याशी अक्षर बोलत नव्हता. ‘डब्यात काय आणलंस?’ विचारलं की मान खाली. मोज्याने विचारलं तर म्हणाला, ‘गूळपोळी. पण तुला नाही देणार, तुला दात नाहीत.’ एवढं मोठं वाक्य! आणि मी समोर बसलेली त्याला दिसत होते, माझे ओठ हलताना दिसत होते. त्याला फरक पडत नव्हता.

दुसरी युक्ती म्हणजे मोजा चुकतो. ‘एक, दोन, चार’ म्हणतो. लगेच सगळी पोरं ओरडतात, ‘तीन राहिलं!’ मी चुकले तर कुणी बोलत नाही, बाईंना चूक कसं म्हणायचं? माझ्या मते टीव्हीवरच्या बाहुल्यांचं मर्मही हेच असावं. मुलापेक्षा कमी कळणारं कुणीतरी त्यांच्या जगात हवं असतं. मोठी माणसं सगळी जास्त कळणारीच.

आणि रोज तीच गोष्ट मागतात. मी कंटाळते, ती कंटाळत नाहीत.

---

रानजाई

ताई, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर लावायला हवा. तीच गोष्ट पुन्हा मागण्यावरून: ‘ब्लूज क्लूज’ नावाच्या अमेरिकन कार्यक्रमाने १९९६ मध्ये हेच ओळखलं. एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचे. पहिल्या दिवशी मूल गप्प बघतं, आणि शुक्रवारपर्यंत त्यातल्या ब्लू या कुत्रीने ठेवलेला माग तेच आधी ओरडून सांगतं. त्यातला माणूस प्रश्न विचारून खरोखर गप्प राहायचा, मुलाला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून. आपल्या वाहिन्यांना पाच सेकंद शांतता म्हणजे तांत्रिक बिघाड वाटेल.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ लागायची, पहिली ते आठवीसाठी. घरात आणि परिसरात करता येतील असे उपक्रम, गप्पांच्या ओघात. माझी भाची नियमाने बघायची. त्यात मोज्यासारखा एक चुकणारा मित्र असता तर? तीच मालिका, तेच उपक्रम, फक्त रोज येणारा एक गाढवपणा करणारा प्राणी. मला वाटतं आज मुलांना तो नावानिशी आठवला असता.

---

कोथरूडकाका

बरोबर. आणि लॉकडाउन संपला तरी तो प्राणी संपला नसता, ही त्यातली मुख्य गोष्ट. मालिका संपते. प्राण्याला दुसऱ्या मालिकेत नेता येतं.

---

शंकासुर

टीव्ही नको. बालवाडीताई चालतील.

---

बालवाडीताई

अहो शंकासुर, आभार. पडद्यामागे, तुम्हाला एक विचारायचंय. माझ्या मोज्याचं तोंड नीट मिटत नाही, बोलताना नुसतं वर-खाली होतं, जबडा आहे असं वाटत नाही. काय करू? आणि फोम लागेल तर साताऱ्यात कुठे मागू?

---

पडद्यामागे

ताई, आधी फोम नको. जाड पुठ्ठ्याचा लंबगोल कापा, तळहाताएवढा, मधोमध दुमडा. मोज्याचा पुढचा भाग आडवा चिरा आणि पुठ्ठा त्या चिरेत फेव्हिकॉलने चिकटवा, वरून लाल कापड. झाला जबडा. आतल्या बाजूने वरच्या अर्ध्याला चार बोटांसाठी आणि खालच्याला अंगठ्यासाठी इलॅस्टिकची पट्टी शिवा, म्हणजे हात निसटत नाही.

आता हालचाल. नवीन माणूस बोलताना चार बोटं वर उचलतो, त्यामुळे बाहुलीचं डोकं प्रत्येक शब्दाला मागे कलंडतं आणि ती छताशी बोलतेय असं वाटतं. बोटं स्थिर ठेवा, अंगठा खाली पाडा. आपलाही खालचाच जबडा हलतो. आणि तोंड अक्षराबरोबर उघडायचं, मिटताना नव्हे. ‘गूळपोळी’ला तीन वेळा उघडेल, ‘गूळ’ला एकदा. आरशासमोर आकडे म्हणत सराव करा. नजर मुलाच्या डोळ्यांवर हवी, म्हणजे मनगट वाटतं त्याहून जरा खाली वाकवायचं.

डोळ्यांना शर्टाची पांढरी बटणं आणि त्यावर काळा ठिपका. दोन्ही ठिपके नाकाच्या बाजूला किंचित सरकवून काढा.

दात मात्र लावू नका, त्या मुलाने ठरवून टाकलंय. फोम पुढच्या बाहुलीला लागेल, तेव्हा गादीवाल्याकडे जा आणि अर्ध्या इंचाची कातरण मागा. पोतंभर पडलेली असते, बहुतेक वेळा पैसेही घेत नाहीत.